पाणी घालत राहणे म्हणजे देखभाल नव्हे

नवतपा लागला की वर्धा रोडवर, अमरावती रोडवर किंवा कामठी रोडवर एखादी जुनी गाडी बॉनेट उघडून उभी दिसते, आणि नागपूरकरांना त्यात वावगे काही वाटत नाही. ऊन आहे, गाडी जुनी आहे, तापणारच, असे म्हणून लोक पुढे जातात. चालक इंजिन निवण्याची वाट पाहतो, शेजारच्या टपरीवरून पाणी आणतो, रेडिएटर भरतो आणि निघतो. गाडी चालू झाली म्हणजे प्रश्न सुटला, अशी त्याची समजूत असते. ही समजूतच जुन्या गाड्यांच्या मुळावर आली आहे. इंजिन थंड ठेवणारी यंत्रणा धड असेल तर पन्नास वर्षांपूर्वीचे इंजिनही नागपूरच्या मे महिन्यात नीट चालू शकते. ती बिघडलेली असेल, तर रोज ओतलेले पाणी तो बिघाड दुरुस्त करत नाही, उलट वाढवते. पाणी घालत राहणे म्हणजे देखभाल नव्हे, हे जुन्या गाडीच्या, आणि त्यातही चाकांवरच्या घराच्या मालकाने मनाशी पक्के केले पाहिजे. शासनाने, प्रशिक्षण संस्थांनी आणि शहरानेही या कामाला गॅरेजातली किरकोळ बाब समजणे सोडले पाहिजे.

चाकांवरचे घर म्हणजे परदेशी पर्यटकांची चैन, असे मानण्याचे कारण नाही. फिरत्या सिनेमाचे ट्रक वर्षानुवर्षे जत्रेमागून जत्रा करत महाराष्ट्रात हिंडले. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या 2016 सालच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटात त्यांचा उतरता काळ दिसतो. वरोऱ्याच्या आनंदवनातल्या बाबा आमटे यांनी 1985 च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून काश्मीरच्या दिशेने भारत जोडो यात्रा सुरू केली, तेव्हा तरुण सायकलींवर होते आणि मणक्याच्या आजारामुळे बसता न येणारे बाबा गाडीत आडवे पडून प्रवास करत होते. बजाज टेम्पोची मॅटाडोर तर शाळेची गाडी, रुग्णवाहिका, वऱ्हाडाची गाडी अशा सगळ्या कामांना जुंपली गेली. आता या जुन्या गाड्यांकडे नव्या नजरेने पाहिले जाऊ लागले आहे. 2021 मध्ये महाराष्ट्राने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. त्याच वर्षी केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षे उलटलेल्या, मूळ स्वरूपात जपलेल्या खासगी दुचाकी-चारचाकींना त्यात वेगळी ‘व्हीए’ मालिका मिळाली. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये आणि मुदत 10 वर्षे. वाहनाची ओळख, नोंदणी आणि थांबण्याची सोय यांचा विचार झाला, हे चांगलेच आहे. पण ते वाहन विदर्भाच्या उन्हाळ्यात चालते कसे राहील, हा प्रश्न मालकावर आणि कोपऱ्यावरच्या मेकॅनिकवर सोडून दिलेला आहे.

इंजिन का तापते, हे आधी नीट पाहिले पाहिजे. जळालेल्या इंधनातल्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश उष्णता एग्झॉस्टवाटे निघून जाते आणि जवळपास तेवढीच इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यात उतरते. हे पाणी रेडिएटरच्या नळ्यांतून जाताना ती उष्णता हवेला देते. किती देते, हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. पाणी 90 अंशांवर आणि हवा 30 अंशांवर असेल तर फरक 60 अंशांचा. हवा 46 अंशांवर गेली की फरक 44 उरतो, म्हणजे तोच रेडिएटर तेवढ्याच वाऱ्यात चौथ्या हिश्श्याहून अधिक उष्णता कमी फेकतो. शिवाय हवामान खात्याचे 46 अंश हे सावलीतल्या, जमिनीपासून उंचावर ठेवलेल्या तापमापकाचे असतात. तापलेल्या डांबरालगत, पुढच्या वाहनाच्या धुरामागे रेडिएटरच्या जाळीत शिरणारी हवा त्याहून गरम असते. ही गोष्ट गाडी बनवणाऱ्यांना ठाऊक होती, म्हणूनच रेडिएटरमध्ये राखीव क्षमता ठेवलेली असते. नेहमीच्या दिवशी ती वापरात येत नाही. थर्मोस्टॅट अर्धवट उघडा राहून काम भागते. ही राखीव क्षमता शाबूत असेल तर नागपूरचा उन्हाळा तिच्यात बसतो. वर्षानुवर्षांच्या गंजाने आणि क्षारांनी ती खाल्ली असेल तर गाडी जानेवारीत निर्धास्त चालते आणि एप्रिलच्या मध्यात उकळते. दोष जानेवारीतही तेवढाच होता, तो फक्त दिसत नव्हता.

ती क्षमता खाते कोण? तर आपण ओततो ते पाणी. नागपूरच्या घराघरांत कूलर आहे, आणि त्याच्या ताटीवर मे अखेर जमणारा पांढरा कडक थर प्रत्येकाने पाहिलेला आहे. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या कूलरची ताटी एका मोसमात दगडासारखी होते; हेच क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि इंजिन ब्लॉकच्या आतल्या वाटांमध्ये बसतात, फक्त तिथे ते डोळ्यांना दिसत नाहीत. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, एकूण कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत मुभा आहे. म्हणजे पिण्यास चालणारे पाणी इंजिनाला चालेलच असे नाही. समजा, लिटरला 400 मिलिग्रॅम कठीणपणाचे 10 लिटर पाणी यंत्रणेत एकदाच भरले आणि ते आतच फिरत राहिले. त्यातून फार तर 4 ग्रॅम क्षार येतील. पण गळक्या यंत्रणेत रोज एक लिटर नवे पाणी घातले, तर 200 दिवसांत 80 ग्रॅमपर्यंत क्षार आत जातात. बाहेर पडणारी बरीचशी वाफ त्यांना मागेच ठेवून जाते. धातूच्या तुलनेत क्षारांचा थर उष्णता अतिशय कमी वाहून नेतो, म्हणून मिलिमीटरभर थरही पुरेसा ठरतो. वाईट पाणी एकदा भरण्यापेक्षा बरे पाणी रोज भरणे अधिक घातक ठरते, असा या हिशेबाचा अर्थ आहे.

म्हणून खरा प्रश्न असा विचारला पाहिजे, की रोज घालावे लागणारे पाणी जाते कुठे. बंदिस्त यंत्रणेतले पाणी संपत नाही. ते कमी होत असेल तर कुठून तरी बाहेर पडत आहे. जुन्या गाडीत त्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. वॉटर पंपाचे सील झिजले की त्याच्या खालच्या बारीक भोकातून थेंब गळतात. होस पाइप क्लिपपाशी तडकतो. ब्लॉकवरचे पत्र्याचे प्लग गंजतात. हेड गॅस्केट थोडे गेले असेल तर पाणी सिलिंडरमध्ये शिरून धुराबरोबर निघून जाते आणि खाली एक थेंबही दिसत नाही. सर्वांत दुर्लक्षित वाट रेडिएटरच्या झाकणाची आहे. ते साधे झाकण नसून स्प्रिंगवर बसलेला व्हॉल्व आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटर उंचीवरच्या नागपुरात उघड्या भांड्यातले पाणी 99 अंशांच्या आसपास उकळते. 7 पौंड दाबाचे झाकण धड असेल तर तोच बिंदू 110 अंशांच्या जवळ जातो. स्प्रिंग ढिली झाली किंवा रबर फाटले की ही सवलत संपते, पाणी आधीच उकळते आणि बाहेर फेकले जाते. झाकण हा या सगळ्या यंत्रणेतल्या सर्वांत स्वस्त सुट्या भागांपैकी एक आहे, आणि तेच तपासायचे राहून जाते. जास्त दाबाचे झाकण लावणे हाही उपाय नव्हे. 7 पौंडांसाठी झाळलेल्या जुन्या रेडिएटरवर 15 पौंडांचे झाकण बसवले तर झाळ सुटते. मूळ दाबाचे, चांगल्या स्थितीतले झाकण हवे.

गळती झाकून पाणी भरत राहण्याचा दुसरा धोका असा, की चालकाला सावध करणारा काटाही मग विश्वासाचा राहत नाही. तापमान दाखवणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरे सांगतो. पाण्याची पातळी त्याच्या खाली गेली की तो वाफेत किंवा कोरड्या पोकळीत उरतो आणि काटा खाली येऊ शकतो, नेमका इंजिन सर्वाधिक तापलेले असताना. मापकाचे आकडे डोळे मिटून घ्यायचे नसतात, हे नागपूरने मोठ्या प्रमाणावर अनुभवले आहे. मे 2024 च्या अखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने 56 अंशांची नोंद केली, देशभर बातमी झाली आणि मग हवामान खात्याने सेन्सर सदोष असल्याचे सांगितले. तिथे चूक वरच्या बाजूची होती म्हणून लगेच लक्षात आली. गाडीतली चूक खालच्या बाजूची असते, म्हणून ती लक्षात येते तेव्हा हेड वाकलेले असते. अॅल्युमिनियम उष्णतेने बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते; बिडाच्या ब्लॉकवर अॅल्युमिनियमचे हेड असलेल्या इंजिनात एकच जोराची उकळी गॅस्केट उडवायला पुरते. त्यात घाबरून थंडगार पाणी ओतले तर धातूला चीर जाते. आणि तापलेले झाकण फिरवले तर दाबाखालचे पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येते. रस्त्याकडेची ही घाईची दुरुस्ती इंजिनालाही महाग पडते आणि माणसालाही.

चाकांवरच्या घराच्या बाबतीत हे सगळे धोके वाढतात. पलंग, ओटा, पाण्याची टाकी, सामान आणि माणसे यांचे वजन त्या जुन्या इंजिनाला कायम वाहावे लागते. अशा अनेक गाड्यांत इंजिन चालकाच्या शेजारी पेटीत बंद असते. तिथे हवा खेळत नाही आणि होस पाइपांपर्यंत हातही नीट पोहोचत नाही. पाइप लांब आणि वळणाचे असल्याने पाणी भरताना आत हवेचा बुडबुडा अडकतो. तो काढला नाही तर रेडिएटर काठोकाठ भरलेला दिसूनही हेड कोरडे राहते. पुढच्या बाजूला एसीचा कंडेन्सर नंतर बसवला असेल तर रेडिएटरला आधीच तापलेली हवा मिळते. आणि महिनोन्महिने उभी राहणारी गाडी रोज चालणाऱ्या गाडीपेक्षा आतून लवकर गंजते. आता अशी गाडी परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे चढवायची आहे असे समजा. दुसऱ्या गियरमध्ये इंजिन पूर्ण ताकदीने काम करते, वेग कमी म्हणून समोरून वारा नाही, आणि सुमारे 1,100 मीटर उंचीवर पाणी 96 अंशांच्या आसपासच उकळते. समृद्धी महामार्गावर अडचण वेगळी. तिथे वारा भरपूर, पण हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो रोध कापायला लागणारी ताकद घनाने. 70 च्या वेगाने सुखाने चालणारी सपाट तोंडाची व्हॅन 100 वर नेली तर नुसत्या हवेशी झुंजायला तिला जवळपास तिप्पट ताकद लागते, आणि उष्णताही त्याच मानाने निर्माण होते. सपाट, मोकळा रस्ता म्हणजे इंजिनाला आराम, हा समज जुन्या गाडीपुरता तरी सोडला पाहिजे.

यावर पहिला आक्षेप येतो तो अनुभवाचा. पूर्वी ट्रक, एसटी, अॅम्बेसेडर सगळे साध्या पाण्यावर चालत होते, तेव्हा कुठे होते हे कूलंट आणि तपासण्या? आक्षेप प्रामाणिक आहे, पण तो अर्धेच चित्र पाहतो. त्या काळी ट्रकवर क्लीनर असे. रोज सकाळी पाणी पाहणे, बेल्ट दाबून पाहणे, गाडीखाली ओल आहे का ते बघणे, रेडिएटरच्या जाळीत अडकलेला कचरा झाडणे, ही त्याची नित्याची कामे होती. आगारांत आणि मोठ्या मालकांकडे रेडिएटर ठरावीक काळाने उतरवून, टाक्या उघडून, नळ्यांतून सळई घालून साफ केला जाई. यंत्रणा कमी दाबाची आणि साधी होती, कारण तिच्यामागे रोज एक माणूस उभा आहे हे गृहीत धरलेले होते. तो माणूस आता नाही. सुटीच्या दिवशी गाडी बाहेर काढणारा मालक किल्ली फिरवतो आणि निघतो. पूर्वीचे पाणी घ्यायचे आणि पूर्वीची दक्षता मात्र सोडून द्यायची, हा व्यवहार टिकणारा नाही. एकतर ती दक्षता परत आणावी, किंवा तिची उणीव भरून काढणारी द्रव्ये आणि तपासण्या स्वीकाराव्यात. जुन्या गाडीच्या बाबतीत खरे तर दोन्ही लागतात.

दुसरा आक्षेप गॅरेजांत नेहमी ऐकू येतो. कूलंट बर्फाच्या प्रदेशासाठी आहे, आपल्याकडे त्याचे काय काम? आणि थर्मोस्टॅट तर काढूनच टाका, म्हणजे पाणी मोकळे फिरेल. यातला पहिला भाग पडताळून पाहण्यासारखा आहे. उष्णता वाहून नेण्यात शुद्ध पाणी ग्लायकॉलच्या मिश्रणापेक्षा सरस आहे, हे खरे. निम्मे-निम्मे मिश्रण नागपूरसाठी सक्तीचे नाही. पण कूलंटमध्ये गंजरोधक द्रव्ये असतात आणि ग्लायकॉलमुळे उकळण्याचा बिंदू वर जातो. बिडाचा ब्लॉक, अॅल्युमिनियमचे हेड, तांब्या-पितळेचा रेडिएटर आणि शिशाची झाळ एकाच पाण्यात असतील तर ते पाणी धातू खाऊ लागते. त्याला आवर घालण्यासाठी उत्पादकाने सांगितलेल्या किमान प्रमाणात, बहुधा तिसऱ्या हिश्श्याइतके, कूलंट आणि बाकी क्षारमुक्त पाणी हे मिश्रण पुरेसे आहे. जुन्या झाळकामाला मानवेल असे पारंपरिक प्रकारचे कूलंट निवडावे आणि ते दर दोन वर्षांनी बदलावे, कारण त्यातली गंजरोधक द्रव्ये खर्च होतात. थर्मोस्टॅट काढण्याचा सल्ला मात्र बहुतेक वेळा चुकीचा आहे. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना रेडिएटर टाळून जाणारी आडवाट बंद करतो. तो काढला की ती वाट कायम उघडी राहते आणि काही गरम पाणी रेडिएटरकडे न जाताच परत इंजिनात येते. शिवाय 2018 च्या डिसेंबर अखेरीस हेच नागपूर 3.5 अंशांवर उतरले होते. थंडीत कायम थंड चालणाऱ्या इंजिनात न जळालेले इंधन मिसळून तेल पातळ होते, सिलिंडर झिजतात, इंधन जास्त लागते. थर्मोस्टॅट अडकला असेल तर बदलावा. तो गरम पाण्यात टाकून किती अंशांवर उघडतो हे कोणत्याही गॅरेजात पाहता येते.

तिसरा आक्षेप दोन टोकांकडून येतो. काहींना वाटते, जुना रेडिएटर फेकून नवा अॅल्युमिनियमचा आणि विजेचे पंखे बसवावेत. काहींना वाटते, मूळ गाडीतला स्क्रूही बदलू नये, नियमच मूळ स्वरूपाची अट घालतो. दोन्ही टोके टाळता येतात. कसोटी अशी असावी, की केलेला बदल उद्या काढला तर गाडी पूर्ववत होते का. सांडलेले कूलंट परत घेणारी बाटली, पाण्याची पातळी खाली गेल्यावर वाजणारा गजर, पंख्याभोवतीचे हरवलेले कव्हर परत बसवणे, यातले काहीच गाडीचे रूप बिघडवत नाही. मूळ पितळी टाक्या ठेवून मधला गाभा नवा बसवणे हे तर जतनच आहे. उलट मूळ स्वरूपाच्या नावाखाली कुजलेला गाभा तसाच ठेवला आणि एका दुपारी मूळ इंजिनच निकामी झाले, तर जपले काय? अॅल्युमिनियमच्या रेडिएटरला सरसकट विरोध करण्याचेही कारण नाही. ज्या गाडीला जुळणारा गाभा मिळतच नाही तिथे तो योग्य आहे. पण नवा रेडिएटर बसवून जुनी गळती, ढिला बेल्ट आणि गंजलेला ब्लॉक तसाच ठेवला तर वर्षभरात नवाही तुंबतो. बदल करायचा तर आधी ब्लॉक आतून धुऊन, उलट्या दिशेने पाणी सोडून साफ केला पाहिजे.

चौथा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. ही हौशी लोकांची बाब. वर्तमानपत्राने आणि शासनाने त्यात का पडावे? याचे उत्तर कारागिरीत आहे. तांब्या-पितळेचा रेडिएटर उघडणे, नळ्या मोकळ्या करणे, गळती पाण्यात बुडवून हवेच्या दाबाने शोधणे आणि नेमक्या आचेवर झाळणे हे हाताचे शास्त्र आहे. नव्या गाड्यांत अॅल्युमिनियमचा गाभा आणि प्लास्टिकच्या टाक्या आल्या, बिघडला की अख्खा रेडिएटर बदलण्याची रीत रूढ झाली आणि या कारागिरांचे काम आटत गेले. ते संपले तर फटका फक्त व्हिंटेज गाडीच्या मालकाला बसणार नाही. जुना ट्रॅक्टर, विहिरीवरचे डिझेल इंजिन, जनरेटर, गावातली जुनी रुग्णवाहिका, मालवाहू टेम्पो, या सगळ्यांना हीच विद्या लागते. मध्य भारतातले उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम महामार्ग नागपुरात मिळतात. वाडी, कळमना, ऑटोमोटिव्ह चौक हे भाग वाहनांवर जगतात. ज्या शहराला वाहतुकीचे केंद्र म्हणून ओळख हवी आहे, त्याने वाहने जिवंत ठेवणारी विद्या मरू देणे परवडणारे नाही. घाटात बंद पडलेली एक गाडी तासभर मागची सगळी वाहतूक अडवते, आणि त्या रांगेत कुणाची रुग्णवाहिका असेल हे सांगता येत नाही.

तेव्हा करायचे काय? मालकाने वर्षाचे एक वेळापत्रक पाळावे. संक्रांत ते होळी हा काळ नागपुरात या कामासाठी योग्य आहे. ऊन चढलेले नसते आणि गॅरेजांत गर्दी नसते. त्या दिवसांत यंत्रणा दाबाखाली तपासून गळती बंद करावी, झाकण आणि बेल्ट पाहावेत, फुगलेले किंवा आतून चिकटलेले होस पाइप बदलावेत, रेडिएटरची जाळी मागच्या बाजूने धुवावी, कूलंटची तारीख लिहून ठेवावी. काढलेले कूलंट गटारात सोडू नये. ते विषारी आणि चवीला गोडसर असते, त्यामुळे रस्त्यावरची कुत्री आणि गुरे ते पितात, आणि गटारातून ते शेवटी नाग नदीत जाते. महापालिकेने जुन्या तेलाप्रमाणे कूलंटही गोळा करण्याची व्यवस्था गॅरेजांसाठी उभी करावी. शासकीय आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या अभ्यासक्रमात जुन्या रेडिएटरची दुरुस्ती शिकवावी, आणि ती शिकवायला अनुभवी कारागिरांनाच मानधनावर बोलवावे. प्रमाणपत्र नसले तरी त्यांचे ज्ञान खरे आहे. 1958 पासून नागपुरात असलेल्या नीरीसारख्या संस्थेकडे पाण्याचा अभ्यास आहे. शहराच्या कोणत्या भागातले पाणी इंजिनात घालण्याजोगे नाही, हे वाहनधारकांना सोप्या भाषेत सांगणे तिला अवघड नाही. पेट्रोल पंपांवर हवेच्या यंत्राशेजारी क्षारमुक्त पाणी रास्त दरात ठेवता येईल. आणि कॅराव्हॅन पर्यटनाला उत्तेजन देणाऱ्या शासनाने, पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या जुन्या गाडीची उन्हाळ्यापूर्वी अशी तपासणी झाल्याची नोंद मागावी. पीयूसी केंद्रावर नळीतून निघणारा धूर मोजला जातो. रेडिएटरमध्ये काय आहे, हे तिथे कुणी पाहत नाही.

यातल्या कोणत्याही गोष्टीला मोठा पैसा लागत नाही. झाकण, बेल्ट, पाइप आणि कूलंट यांचा सगळा खर्च एका उडालेल्या गॅस्केटच्या, हेडला मारलेल्या फेसिंगच्या आणि टोइंगच्या खर्चापेक्षा पुष्कळ कमी आहे. लागते ती वेळेवर बघण्याची सवय, आणि बिघाड दिसला की त्याच्या कारणापर्यंत जाण्याचा आग्रह. गाडीत पाण्याचा डबा जरूर ठेवावा. आडरानात तोच उपयोगी पडतो. पण तो उघडावा लागला, तर त्याच आठवड्यात गळती शोधून काढणे हे मालकाचे कर्तव्य आहे. नागपूरचा उन्हाळा सौम्य होण्याची चिन्हे नाहीत आणि जुन्या गाड्या नव्याने बनणार नाहीत. जे वाहन आपण जतनाच्या यादीत घालतो, त्याच्या इंजिनाला उन्हाळ्यात थंड ठेवण्याची जबाबदारीही आपणच घेतली पाहिजे. ती न घेता दिलेली व्हिंटेज नंबरप्लेट म्हणजे जतन नव्हे.